दोनशे लिटरची टाकी

गौतमभाऊ, तुमची गाडी अजून माझ्याच दारात उभी आहे. तुम्ही गेल्याला अठरा दिवस झाले. सकाळी शटर वर केलं की पहिल्यांदा तीच दिसते आणि मला तुमचा राग येतो. काम सांगून गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही की मिस्त्रीला येतो, तसला राग. मग चहा येतो, पहिला ग्राइंडर सुरू होतो आणि राग उतरतो. उतरल्यावर जे उरतं ते सांगायला म्हणून हे लिहायला बसलो. मी लिहितो ते गाड्यांच्या पाठीवर, ब्रशने, दोन-चार शब्द. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आलात. शाळेची पोरं वाहून वाहून तिचा जीव गेला होता. हातात आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला नकाशा. पलंग इथे, ओटा तिथे, संडास कोपऱ्यात. मी आयुष्यभर स्कूलबस बांधल्या, रुग्णवाहिका बांधल्या, भाजीच्या गाड्यांना जाळ्या ठोकल्या. गाडीत संडास मागणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिले. मी म्हटलं, घर पाहिजे तर एखाद्या ठेकेदाराकडे जा. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "घर हाय. मले चालणारं पाह्यजे."

मग हळूहळू कळलं. तुम्ही गडचांदूरला सिमेंटच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन, तीन पाळ्यांत बत्तीस वर्षं. रत्नाभाभी नर्स, त्यांची नोकरी सगळी धानोऱ्याकडच्या उपकेंद्रांत. तुमचा अर्धा संसार एसटीत झाला. एकाने शनिवारी निघायचं आणि दुसऱ्याने सोमवारी पोचवायला यायचं. आता दोघंही रिटायर झाल्यावर तुम्हांला भाभींची ती सगळी गावं बघायची होती, एकेका ठिकाणी आठ-आठ दिवस राहून. तुमची अट एकच होती. गाडीत सगळं पाहिजे. वीज, गॅस, न्हाणी, पाणी. कशासाठीही कोणाच्या दारात जायची वेळ आली नाही पाहिजे. मला वाटलं, साहेब लोकांच्या संगतीत राहून माणूस तोऱ्यात आलाय.

चार महिने आपण भांडलो. टपावर दोन सोलर पॅनेल, त्यावर तुम्ही मला हात लावू दिला नाही. वायरिंग तुमचं, पत्रा माझा, अशी वाटणी. पत्र्याच्या आत मी थर्माकोल भरला, वर प्लाय मारला, टपाला पांढरा रंग दिला. चंद्रपूरच्या उन्हात याच्याशिवाय त्या डब्यात माणूस शिजला असता. कूलर बसवायचा म्हणालात, तर भाभी म्हणाल्या की तो माणसांपेक्षा जास्त पाणी पितो, वाळ्याचा पडदा लावा. संडासात पाण्याऐवजी वर टाकायला त्यांनीच शेजारच्या आरामशीनवरून सागाचा भुसा आणला आणि तुम्हांला वापर कसा करायचा ते नर्सच्या आवाजात समजावून सांगितलं. तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणि टाकी. मी म्हणालो ऐंशी लिटर पुष्कळ झाली, दोन माणसं तर आहात. तुम्ही म्हणालात दोनशे. मी म्हणालो मागचे स्प्रिंगचे पाटे बसतील, चढावर गाडी रडेल. तुम्ही म्हणालात दोनशे. शेवटी प्लास्टिकची टाकी डावीकडे बसवली आणि वजन सारखं राहावं म्हणून बॅटऱ्या उजवीकडे. आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की बॅटऱ्यांचं वजन तेवढंच राहणार आणि पाणी मात्र संपत जाणार. पहिले दोन दिवस गाडी सरळ चालायची, तिसऱ्या दिवसापासून उजवीकडे झुकायची. भाभींनी मग टाकीचा काटा बघणंच सोडून दिलं. पातेल्यातलं वरण कोणत्या काठाला लागतंय त्यावरून त्या पाणी किती उरलंय ते सांगायच्या आणि बरोबर सांगायच्या.

मोहर्लीला गेलात तेव्हाची गोष्ट तुम्ही मला निदान पाचदा सांगितली असेल. भाभींच्या ओळखीच्या एका घरच्या अंगणात गाडी लावली होती. सफारीहून परतलेली नागपूरची मंडळी वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेली, ती तुमच्या गाडीभोवती गोळा झाली. तुम्ही त्यांना अर्धा तास टाकी दाखवली. पंप कसा, गाळणी कशी, टपावरून काळी नळी कशी फिरवली आणि उन्हाने आंघोळीचं पाणी फुकटात कसं तापतं. ती नळी तुमच्या डोक्यातून निघालेली, तुमचा जीव त्या नळीत. मी हसायचो. वाघ बघायला आलेल्यांना टाकी दाखवून पाठवणारा माणूस या जिल्ह्यात दुसरा नसेल.

आता ज्या दिवसाबद्दल बोलायचं आहे त्या दिवसाकडे येतो. इतका वेळ टाळतच होतो.

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका पाड्यावर आपण तिघं गेलो होतो. मोहफुलं वेचायचे दिवस होते आणि माझा रमजान सुरू होता. घरचे म्हणाले की रोज्यात कुठे जातोस, पण तुम्ही म्हणालात की पाटे नवीन टाकलेत तर मिस्त्री सोबत पाहिजे. सकाळपासून तुम्ही माझ्यासमोर पाण्याचा थेंब घेतला नाही. मी म्हटलं, रोजा माझा आहे, तुम्ही प्या. तुम्ही म्हणालात, तहानच नाही. दुपारून भाभी पलीकडच्या पाड्यावर एका बाईला भेटायला गेल्या. तिची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. सांजेला येते म्हणाल्या.

त्या गेल्या आणि पंप बंद पडला. घरघर करायचा, पण पाणी काही येईना. तुम्ही गाळणी उघडली तर आत पांढरे पापुद्रे. चुना. गडचांदूरच्या बोअरचं पाणी ते, घागरीला महिनाभरात थर धरतं. तुम्ही तेच भरत होता आणि काळ्या नळीत तापवत होता. तापलं की चुना सुटणारच. फॅक्टरीत यंत्रांना हे पाणी तसंच पाजायचं नाही, हे तुम्हीच नव्या कामगारांना शिकवायचे. बत्तीस वर्षं चुन्यात काढलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीला चुना पाजला. मी पोट धरून हसलो. तुम्ही नाही हसलात. रागाने खाली वाकलात, टाकीच्या बुडाच्या व्हॉल्वला पाना लावला आणि जोर केला. व्हॉल्व आट्यांसकट हातात आला.

मी फडकं कोंबलं, तळहात लावला, काही उपयोग झाला नाही. वाळक्या पानांखालून पाणी निघालं आणि उताराने गेलं. बादली सापडेपर्यंत तळाशी गढूळ तेवढं उरलं. बाटल्या आपण ठेवतच नव्हतो, टाकी आहे म्हणून. पाड्यावरचा हातपंप नादुरुस्त होता, बाया लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. भाभी आल्याशिवाय गाडी हलवता येत नव्हती. आणि सूर्य खाली चालला होता.

मी म्हणालो, समोर घर आहे, अंगणात रांजण दिसतोय, जा आणि मागा. तुम्ही म्हणालात, भाभी आल्या की धानोऱ्याला जाऊन विकतचे जार घेऊ. मी म्हणालो, माझ्या इफ्तारीला अर्धा तास आहे. तुम्ही गाडीच्या पायरीवर बसून हातातल्या त्या व्हॉल्वचे आटे बघत राहिलात. माझं डोकं फिरलं. दिवसभराचा रोजा होता, तहान म्हणजे काय ते मलाच ठाऊक असा माज होता. मी म्हणालो, "पानी मांगायले एवढा कायचा गर्व, भाऊ? एका घोटानं कोनी लहान होते का?"

तुम्ही उठलात. गाडीतला तांब्या घेतलात आणि त्या घराकडे चालत गेलात. मी इथून बघत होतो. कुंपणापाशी जाऊन तुम्ही थांबलात. आवाज दिला नाहीत, कडी वाजवली नाहीत, नुसते उभे राहिलात. इतका वेळ उभे होता की मला पुन्हा राग यायला लागला. शेवटी घरातली बाई मोहफुलं वाळत घातली होती ती गोळा करायला बाहेर आली. तिने तुम्हांला बघितलं, तुमच्या हातातला तांब्या बघितला. ती आत गेली आणि पाण्याने भरलेली गुंडी, छोटी घागरच, घेऊन आली. गुंडीच तिने तुमच्या हातात दिली. तुम्ही ती दोन्ही हातांनी धरलीत आणि तांब्यात पाणी ओतून घ्यायचं सोडून तशीच थोडा वेळ धरून राहिलात.

तुम्ही पाणी आणलंत, मी खजूर तोंडात टाकला, पोटभर प्यालो. आणि पिऊन झाल्यावर, ओल्या तोंडाने, मी काय म्हणालो?

"पाहा, मांगतलं तं भेटलं ना? उगाच दोनशे लिटरचा बोजा वाहून राह्यले."

तुम्ही एवढंच म्हणालात, "पे अजून." त्या तांब्यातलं पाणी तुम्ही प्याला नाहीत. रात्री धानोऱ्यात टपरीवर बाटली घेतलीत आणि उभ्याउभ्या संपवलीत. भाभींनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाही काही कळलं नाही.

ईदला तुम्ही दोघं घरी आलात. शीरखुर्मा झाल्यावर तुम्ही माझा इन्व्हर्टर उघडून बसलात, कारण तुम्हांला रिकामं बसवत नव्हतं. भाभी स्वयंपाकघरात माझ्या बायकोशी बोलत होत्या. मी पेले ठेवायला आत गेलो आणि तिथेच थांबलो.

भाभी तुमच्याबद्दलच सांगत होत्या. तुम्ही सात-आठ वर्षांचे होता. आईबरोबर बाजाराहून येताना अंगात ताप, घसा सुकलेला. तुमच्या आईने गावाच्या तोंडावरच्या एका घरी पाणी मागितलं. तुम्ही पायरीवर टेकलात. त्या घरच्या बाईने वरून, हात लांब करून, तुमच्या ओंजळीत पाणी सोडलं. तुम्ही प्यालात आणि निघालात. वळून बघितलं तर ती बाई घागर घेऊन ती पायरी धूत होती. "मले पाजलं त्याच्याहून जास्त पानी त्या पायरीले लागलं," असं तुम्ही भाभींना लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलंत. एकदाच. त्यानंतर कोणी दिलेलं पाणी तुम्ही प्यायचे, माझ्याकडे तर माठातून स्वतः घ्यायचे, पण मागितलं मात्र कधी कोणाला नाही. मग भाभींनी मला दाराशी उभं बघितलं आणि त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या रोज्यासाठी गेले. स्वतःसाठी मेले असते पन गेले नसते."

मी बाहेर आलो. तुम्ही स्टुलावर उभे, हातात टेस्टर. मला म्हणालात, "सलीम, तुझ्या घराची अर्थिंग बेकार हाय." मी म्हणालो, हो. गौतमभाऊ, तेव्हा बोलायला हवं होतं. स्टुलाचे पाय धरून उभा होतो, तुमचा गुडघा माझ्या तोंडाशी होता, घरातलं दुसरं कोणी ऐकतही नव्हतं. पण तुम्हांला पाणी मागणं जमत नव्हतं तसं मला माफी मागणं जमलं नाही. तुमच्याकडे निदान कारण होतं.

माझ्या धंद्यातली माणसं बोलायचं ते हाताने करतात आणि बोललो असं समजतात. तुम्ही न सांगता मी टाकी बदलली. स्टीलची बनवली, पुन्हा दोनशेच लिटरची, आणि मधोमध बसवली. व्हॉल्व असा लावला की हत्तीने ओढला तरी निघायचा नाही. पाणी आता चंद्रपुरातूनच, माझ्या दारातून भरून न्यायचं असं ठरवून टाकलं. तुम्ही दोन दिवस टॉर्च धरून माझ्या बाजूला उभे होता. दुसऱ्या दिवशी म्हणालात की आज टाकीच्या वजनावर काहीच बोलला नाहीस. मी म्हटलं, काय बोलायचं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हांला कळलं होतं का? भाभींनी सांगितलं होतं का की मी दाराशी उभा राहून ऐकलं? हे आता तुमच्या तोंडून कधी कळणार नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष चांगलं गेलं. मी आणखी दोनदा तुमच्यासोबत आलो. दुपारी गाडीच्या सावलीत चटई टाकून झोपलो. माझ्या आयुष्यात कामाच्या दिवशी दुपारी झोपणं मी त्यापूर्वी केलं नव्हतं, ते तुमच्यामुळे घडलं. भाभी पाड्यापाड्यांत ज्या बाळांना त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ती आता बाप झालेली दाखवायच्या. तुम्ही कोणाच्या घरचा पंखा, कोणाचा मोटरचा स्टार्टर दुरुस्त करत बसायचे. घरातून पाणी यायचं, तुम्ही प्यायचे. मी बघत नाही असं दाखवायचो.

मग यंदा दिवाळीनंतर तुम्ही आलात. म्हणालात, गाडीला बाहेरून एक नळ लाव. हात छातीपाशी धरून उंची दाखवलीत. पिणाऱ्याला वाकावं लागू नये, आणि ओंजळही करायला लागू नये, म्हणून बाजूला ग्लास ठेवायला फळी. ग्लासला साखळी बांधू नको, हे दोनदा सांगितलंत. मी नेहमीसारखा सुरू झालो. झाडाच्या फांदीने तुटेल. कोणी उघडा ठेवून जाईल. ग्लास पहिल्याच दिवशी गायब होईल. मोठ्याने ओरडूनच बोलत होतो, कारण मागे ग्राइंडर चालू होता. म्हणालो, एका दुपारी टाकी रिकामी होईल, मग तुम्ही दोघं काय कराल?

तुम्ही म्हणालात, "सरलं तं मांगून आनीन."

मी ते ऐकलं आणि ऐकूनही सोडून दिलं. म्हणालो, दोन स्कूलबस निघाल्या की बघू. तुम्ही म्हणालात घाई नाही, आणि गाडी ठेवून एसटीने गडचांदूरला गेलात. नवव्या दिवशी प्रज्ञाचा, तुमच्या मुलीचा, फोन आला. दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या गेलात म्हणाली. मी तिथे पोचलो, लोक बुद्धवंदना म्हणत होते, मला शब्द येत नव्हते, मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या तुमच्या वाक्याचा अर्थ मला तिथे उभा असताना कळला. कुंपणापाशी तेवढा वेळ उभा राहिलेला माणूस मला सांगत होता की आता तो मागू शकतो. आणि मी स्कूलबसची गोष्ट करत होतो.

गौतमभाऊ, मी चुकलो. त्या संध्याकाळी जे दोनदा बोललो ते दोन्ही वेळा चुकीचं बोललो. तुमच्या पाण्याने रोजा सोडला आणि तुमच्याच तोंडावर टोमणा मारला. मला माफ करा. हे एवढंच म्हणायला मला दोन वर्षं आणि तुमचं मरण लागलं, याची लाज वाटते.

परवा भाभी आल्या. प्रज्ञा म्हणते गाडी विकून टाक आणि नागपूरला चल. त्यात बोलायचा मला अधिकार नाही. भाभींनी गाडीच्या आत जाऊन पलंगावर हात फिरवला, ओट्याचा कप्पा उघडून बंद केला, आणि बाहेर येऊन म्हणाल्या की विकायची नाही, महिन्यातून एकदा तू चालवायला येशील का ते सांग. मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, "नळ लावून दे आधी."

कालचा अख्खा दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. पत्रा कापला, पितळी नळ लावला, तुम्ही दाखवलेल्या उंचीवर. फळी ठोकली, दोन ग्लास ठेवले, साखळी नाही. टाकी भरली. मग ब्रश घेतला आणि आमच्याच घरी मुक्कामाला थांबलेल्या भाभींना विचारलं की पाणपोईवर लिहितात तसं तुमचं नाव लिहू का, स्मरणार्थ. त्या म्हणाल्या, "नाव नको. नाव लिवलं का लोक आडनाव पुसतात." मग मी त्या सांगतील तेवढंच लिहिलं, निळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत. पाणी घ्या, विचारू नका.

रंग ओला होता तेवढ्यात रस्त्यावरून एक म्हातारा आला. डोक्यावर झाडूंचा भारा, विकायला निघालेला. त्याला वाचता येत नसावं. भारा खाली ठेवून तो नळासमोर उभा राहिला. हात लावेना. आधी माझ्याकडे बघितलं, मग पायरीवर बसलेल्या भाभींकडे.

"बाई, पानी पेऊ का?"

"पे ना बापा," भाभी म्हणाल्या. "इथी पुसाचं नसते."

त्याने ग्लास भरला, ओठांना लावून प्याला, दुसरा भरला, तोही प्याला. ग्लास फळीवर ठेवला, भारा उचलला आणि आमच्याकडे न बघता, एक शब्दही न बोलता, आपल्या वाटेने निघून गेला. भाभी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "असंच पाह्यजे होतं त्याईले."